उतरत्या छताचा हिशेब

२०२५ च्या घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबरला, गाड्यांवरचा जीएसटी बदलला आणि त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाने मला एका कोटेशनचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ : ‘ताई, दसऱ्याला ही घेऊ का?’

ही म्हणजे कूपे एसयूव्ही. पुढून दणकट, उंच चाकांवर उभी आणि मागे छत काचेसकट डिकीपर्यंत उतरत गेलेलं. बीएमडब्ल्यूने २००८ मध्ये एक्स-६ आणली तेव्हा हा आकार श्रीमंतांचा होता. आता आपल्याकडे मारुतीची फ्रॉन्क्स, सित्रोएनची बसाल्ट, टाटाची कर्व्ह आणि महिंद्राची चाकणला बनणारी बीई ६ असे चार चांगले पर्याय आहेत. भाऊ साताऱ्यात राहतो, सासुरवाडी चिपळूणची, म्हणजे वर्षातून चार-पाच वेळा कुंभार्ली घाट ठरलेला. घरात दोन मुलं आणि आई-आप्पा. त्याला ही गाडी मनापासून आवडली होती, आणि आवडलेली गाडी घ्यावी असंच माझं मत आहे. पण मी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसते. रोज पाच-सात कोटेशनं हातातून जातात. आवड कुठे संपते आणि तिची पावती कुठे सुरू होते हे गिऱ्हाइकाला सही करण्याआधी कळलं पाहिजे, एवढाच माझा आग्रह असतो.

चार मीटरची रेघ

सगळ्यात महागडा भाग कोटेशनवर वेगळा लिहिलेलाच नसतो. तो म्हणजे गाडीची लांबी.

नव्या रचनेत चार मीटरच्या आतली आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची (डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंतची) गाडी १८ टक्क्यांत बसते. यातली एक जरी अट मोडली तरी जीएसटी ४० टक्के. फ्रॉन्क्स ३,९९५ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे रेघेच्या पाच मिलिमीटर अलीकडे. कर्व्ह ४,३०८ आणि बसाल्ट ४,३५२. बसाल्टचं इंजिन १,१९९ सीसीचंच आहे, तरी लांबीमुळे ती ४० टक्क्यांत जाते.

याचा अर्थ रुपयांत काय होतो ते पाहा. समजा, कराआधी आठ लाखांच्या दोन गाड्या आहेत, एक रेघेच्या आत, दुसरी बाहेर. पहिलीची एक्स-शोरूम किंमत ९ लाख ४४ हजार होते, दुसरीची ११ लाख २० हजार. आता महाराष्ट्राचा वाहनकर. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ आणि वीसच्या वर १३. पहिलीला १,०३,८४० रुपये, दुसरीला १,३४,४००. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे आणखी ११,२००. कारखान्यातून सारख्याच किमतीत निघालेल्या दोन गाड्यांत दारात येईपर्यंत दोन लाख सतरा हजारांचा फरक पडला, आणि तो सगळा करांचा.

पैसे वाया गेले असं मी म्हणत नाही. त्या जादा फूटभरात डिकी आणि मागची ऐसपैस जागा मिळते. कर्व्हची डिकी ५०० लिटरची, बसाल्टची ४७०, फ्रॉन्क्सची ३०८. पण घरात तिघंच असतील आणि सामान दोन बॅगांचं असेल, तर त्या जागेसाठी दोन लाख द्यायचे का, हे शोरूममध्ये नाही, घरी बसून ठरवा.

दहा लाखांच्या सीमेवर आणखी एक काळजी घ्या. वाहनकर वाढीव रकमेवर नाही, पूर्ण किमतीवर लागतो. बरोबर दहा लाखांच्या गाडीला १ लाख १० हजार, तर दहा लाख पाच हजारांच्या गाडीला १,२०,६००. पाच हजारांच्या रंगासाठी कर साडेदहा हजारांनी वाढतो, आणि टीसीएसही लागू होतो. दुरंगी छताचा मोह होतो तो नेमका इथेच. टीसीएस मात्र बुडीत नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. अनेक जण विसरतात, म्हणून पावती आत्ताच फाइलला लावून ठेवा.

कोटेशनवरच्या ओळी

भावाच्या कोटेशनवर चौदा ओळी होत्या. त्यातल्या खऱ्या सक्तीच्या पाच : एक्स-शोरूम किंमत, वाहनकर, नोंदणीचं शुल्क, विमा आणि टीसीएस. नोंदणीचं शुल्क मोटारीला ६०० रुपये आहे, कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवण्याचे १,५००. उरलेल्या ओळींत ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक्स’, ‘एसेन्शियल किट’, ‘टेफ्लॉन कोटिंग’ अशी नावं होती. यातलं काहीही सरकारी नाही. मी त्याला फोनवर सांगितलं, प्रत्येक ओळीपुढे विचार, ही नको म्हटली तर गाडी मिळणार नाही का? विचारल्यावर सेल्समनने स्वतःच पेन घेऊन तीन ओळी खोडल्या. सव्वीस हजार कमी झाले, आवाज न चढवता.

विम्याची ओळ सगळ्यात फुगवलेली असते, कारण तिच्यावर शोरूमला दलाली मिळते. त्यातला थर्ड पार्टीचा भाग ठरलेला आहे : नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदम, १,००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला १०,६४०, वर १८ टक्के जीएसटी. यात घासाघीस होत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा, आणि विमा बाहेरून घ्यायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे. त्याच गाडीमूल्यावर, त्याच जोडकलमांसह दोन ठिकाणचे दर मागवा. पंधरा लाखांच्या गाडीत दहा-पंधरा हजारांचा फरक मी नेहमी पाहते.

झिरो डेप हे कलम या गाड्यांना घ्यावंच. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबरच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापतात, आणि कूपे एसयूव्हीचं अंग पाहा : दोन्ही बंपर, चाकांभोवतीच्या काळ्या पट्ट्या, दाराखालची पाती, मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्याची पट्टी. पार्किंगमध्ये रिक्षाने नुसतं टेकलं तरी बिल प्लॅस्टिकचंच येतं. समोरच्या काचेमागे एडासचा, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा, कॅमेरा असेल, तर काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवावा लागतो. त्याचा खर्च विम्यात धरला आहे का, हे लेखी विचारून घ्या.

घाटात काय होतं

जाहिरातीत शून्य ते शंभरचे सेकंद असतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीची मर्यादाच ताशी १०० आहे, घाटात ६०. आपल्याला लागते ती ताकद वेगळी : दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीसच्या वेगात, माणसांनी भरलेली गाडी एसटीच्या पुढे काढण्याची. ती अश्वशक्तीत कमी आणि टॉर्कमध्ये जास्त दिसते, त्यातही तो किती आरपीएमला मिळतो यात.

कर्व्हचं साधं टर्बो पेट्रोल १२० पीएस आणि १७० न्यूटन मीटर देतं. त्याच गाडीचं थेट इंधन फवारणारं पेट्रोल इंजिन १२५ पीएस आणि २२५ न्यूटन मीटर. कागदावर पाचच पीएसचा फरक, म्हणून लोक स्वस्तातलं उचलतात. पण घाटात तो ५५ न्यूटन मीटरचा फरक पहिल्याच वळणावर कळतो. डिझेल ११८ पीएसचं असून २६० न्यूटन मीटरचं आहे. बसाल्टचं टर्बो ११० पीएस आणि १९० न्यूटन मीटर, ऑटोमॅटिक घेतली तर २०५. तिच्याच बिगर-टर्बो इंजिनात ८२ पीएस आणि ११५ न्यूटन मीटर आहेत. शहरात एकट्यादुकट्याने फिरणाऱ्याला ते पुरेल, कुंभार्लीत पाच माणसांना नाही. फ्रॉन्क्सचं एक लिटरचं टर्बो १०० पीएस आणि १४७.६ न्यूटन मीटरचं, पण गाडी हलकी असल्यामुळे ती आकड्यांपेक्षा चपळ वाटते.

शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला सर्व्हिस रोडवर तीन किलोमीटर फिरवून आणतात. त्यावर निर्णय घेऊ नका. आम्ही यवतेश्वरच्या घाटात न्यायची अट घातली आणि आई, आप्पा, भाऊ, सेल्समन आणि मी असे पाच जण बसलो. एसी पूर्ण. चढावर पुढे विटांचा टेम्पो होता. भावाने मुद्दाम तिसरा गिअर ठेवला आणि वेग तीसवर येऊ दिला. टेम्पो बाजूला झाल्यावर त्याने पाय दाबला. एक, दोन असं मोजण्याएवढा वेळ काहीच झालं नाही, इंजिन नुसतं घरघरलं. मग काटा सतराशेच्या वर गेला आणि गाडीने मागून कुणी ढकलावं तशी उडी घेतली. ही टर्बोची जातच आहे. गिअर एक खाली घेतला असता तर ती दोन सेकंदांची वाट पाहावी लागली नसती. हे ज्याला माहीत आहे त्याला टर्बो आनंद देते. ज्याला माहीत नाही तो समोरून गाडी येत असताना त्या दोन सेकंदांत अडकतो. म्हणून गाडी जो चालवणार आहे, त्यानेच घाटात चालवून पाहावी.

ऑटोमॅटिक हवी असेल तर ती कोणत्या जातीची हे विचारा, किमतीतला निम्मा अर्थ तिथे आहे. एएमटी स्वस्त, पण चढावर गिअर बदलताना डोकं हलतं. फ्रॉन्क्सच्या टर्बोला आणि बसाल्टला सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर आहे, मऊ आणि सोशिक. कर्व्हला सात गिअरची दुहेरी क्लचची आहे. बदल झटकन होतात आणि तिचे क्लच तेलात बुडालेले असल्याने तापण्याची भीती कमी. तरी चढावरच्या कोंडीत ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेकवर धरा.

मागची बाकडी

आता ज्या छतासाठी एवढं चाललंय त्याखाली बसू या.

एका गाडीत आप्पांना मागे बसवलं. आप्पा पावणेसहा फूट, डोक्यावर टोपी. दार उघडून ते सवयीप्रमाणे वाकले, पण या आकारात दाराची वरची कडाही मागे उतरती असते, तेव्हा आणखी वाकावं लागलं. आत टेकून बसले आणि टोपीची घडी छताच्या कापडाला घासून पुढे कपाळावर सरकली. त्यांनी ती मागे घेतली. स्पीडब्रेकरला पुन्हा पुढे आली. घाट उतरेपर्यंत त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. तोंडाने म्हणाले, ‘छान आहे गाडी.’ भावाने आरशातून ते सगळं पाहिलं होतं.

म्हणून सांगते, घरातलं सगळ्यात उंच आणि सगळ्यात म्हातारं माणूस मागच्या बाकावर वीस मिनिटं बसल्याशिवाय बुकिंगची रक्कम देऊ नका. टेकून बसल्यावर डोक्यावर चार बोटं जागा हवी. काही गाड्यांत बाक खोलवर बसवून डोक्याला जागा काढतात, मग गुडघे वर येतात आणि मांड्या अधांतरी राहतात. बसाल्टच्या वरच्या प्रकारात मांडीखालचा आधार कमी-जास्त करता येतो. साधी सोय, पण गुडघेदुखीच्या माणसाला सनरूफपेक्षा मोलाची. खिडकीची काच मागे निमुळती होते, लहान मुलांना बाहेर दिसतं का तेही पाहा. गाडी लागणाऱ्या मुलाला घाटात हाच प्रश्न पडतो.

डिकीचे लिटर छापील असतात, पण उतरती काच वरच्या थराला नडते. चिपळूणहून आंब्याच्या पेट्या आणायच्या असतील तर खालचा थर सहज बसेल, वरच्या थराला काच टेकेल. रिकामी पेटी घेऊन शोरूमला गेलात तर कुणी हसणार नाही. मागच्या काचेला वायपर आहे का हेही पाहा. पावसाळ्यात निजलेल्या काचेवर पाणी आणि चिखल साचतो आणि आरशात धूसर पट्टा तेवढा दिसतो. नसेल तर मागचा कॅमेरा चांगल्या प्रतीचा हवाच.

सोयींतलं काय घ्यावं

वरच्या प्रकारांत बारा इंची पडदा, आभाळ दाखवणारं सनरूफ, हाताने खुणावल्यावर उघडणारी डिकी, अठरा इंची चाकं असं बरंच असतं. माझं मत सरळ आहे. उन्हाळ्यात थंड हवा फेकणाऱ्या सीट आणि ३६० अंशांचा कॅमेरा यांना पैसे द्यावेत, कारण ते रोज वापरात येतात. मोठ्या चाकांबद्दल मात्र दोनदा विचार करा. गाडी देखणी त्यांच्यामुळेच दिसते, पण टायरची भिंत बुटकी होते, खड्डा कमरेत जाणवतो आणि टायर महाग पडतो. बुकिंगच्या आधी एखाद्या टायरवाल्याकडे जाऊन त्या मापाच्या चार टायरचा भाव लिहून घ्या. ते पैसे पन्नासेक हजार किलोमीटरनंतर द्यायचेच आहेत.

सुरक्षिततेचे तारे प्रकारानुसार विकत घ्यायचे नसतात, ते गाडीबरोबर येतात. भारत एनकॅपमध्ये कर्व्हला आणि बीई ६ ला पाच तारे आहेत, बसाल्टला चार.

पेट्रोल, डिझेल की वीज

भाऊ वर्षाला बारा हजार किलोमीटर चालवतो. टर्बो पेट्रोलला सरासरी १२ धरली, तर हजार लिटर. १०४ रुपयांनी १ लाख ४ हजार. डिझेलला १६ धरली, तर ७५० लिटर. ९१ रुपयांनी ६८ हजार. वर्षाला साधारण छत्तीस हजार वाचले. पण डिझेल गाडी समजा दीड लाखाने महाग, आणि आपल्याकडे डिझेलचा वाहनकर दर टप्प्याला दोन टक्के जास्त. चौदा लाखांच्या पेट्रोलला १,६८,००० कर, साडेपंधरा लाखांच्या डिझेलला २,१७,०००. म्हणजे सुरुवातीचा खड्डा दोन लाखांचा. तो भरायला साडेपाच वर्षं लागतात. वर्षाला वीस हजार किलोमीटर असतील तर सव्वातीन. पंधरा हजारांच्या खाली धावणाऱ्याने डिझेल घेऊ नये असं मी सांगते. घाटाची ओढ हवी असेल तर २२५ न्यूटन मीटरचं पेट्रोल पुरतं.

विजेच्या गाडीचं गणित वेगळं. जीएसटी पाच टक्के, आणि महाराष्ट्राच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणानुसार वाहनकर माफ. अठरा लाखांच्या गाडीवर एकट्या वाहनकराचे २ लाख १६ हजार वाचतात. समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा टोलही त्या धोरणाने माफ केला आहे. थर्ड पार्टी विमा मात्र जास्त : ६५ किलोवॉटच्या वरच्या मोटारीला तीन वर्षांचे २०,९०७. बारा हजार किलोमीटरला गळतीसकट दोन हजार युनिट धरा. घरी बारा रुपयांनी चोवीस हजार, बाहेरच्या फास्ट चार्जरवर बावीस रुपयांनी चव्वेचाळीस हजार. स्वतःचं पार्किंग आणि तिथपर्यंत वीज असेल तर ही गाडी या सगळ्यांत जोरकसही आहे. बीई ६ च्या मोठ्या बॅटरीच्या मॉडेलला २८६ पीएस आणि ३८० न्यूटन मीटर मिळतात, तेही पाय ठेवल्या क्षणी, टर्बोची वाट न पाहता. सोसायटीत चार्जर बसवायची परवानगी लेखी हातात येईपर्यंत मात्र बुकिंग करू नका. माझ्या टेबलावर अशी दोन कर्जं रखडलेली आहेत.

पेट्रोल-डिझेलवाल्यांसाठी एक छोटी बचत. खाजगी मोटारीला दोनशे फेऱ्यांचा वार्षिक फास्टॅग पास मिळतो, २०२५ मध्ये तो तीन हजार रुपयांना होता. तो राष्ट्रीय महामार्गावर चालतो, म्हणजे सातारा-पुणे रस्त्यावर आनेवाडी आणि खेड-शिवापूरला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा असल्याने तिथे चालत नाही.

कर्जाचं थोडक्यात. दहा लाख, नऊ टक्के. पाच वर्षांचा हप्ता २०,७५८, सातचा १६,०८९. हप्ता साडेचार हजारांनी हलका होतो, पण व्याज एक लाख सहा हजारांनी वाढतं. सात वर्षांचाच हप्ता झेपत असेल तर गाडीचा प्रकार एक पायरी खाली घ्या.

भावाने शेवटी मधला प्रकार घेतला, थेट फवारणीचं पेट्रोल, हाताचे गिअर, सतरा इंची चाकं. दसऱ्याची घाई सोडून दिली आणि त्या मधल्या दिवसांत आप्पांना सगळ्या गाड्यांच्या मागच्या बाकावर बसवून आणलं. ताबा घेण्याच्या आदल्या दिवशी आम्ही यार्डात गेलो, दिवसाउजेडी, कारण ट्यूबलाइटखाली रंगाचा डाग दिसत नाही. चासी क्रमांक बिलाशी ताडून पाहिला. चारही टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. स्टेपनी काढून तिचंही माप पाहिलं, जॅक हातात घेतला, ओडोमीटरचा फोटो काढला. आप्पा तोवर मागचं दार उघडून आत जाऊन बसले होते, टोपीसकट.